नेस्टाचे अकरा जोड

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात इद्वल इव्हान्स नावाची तीन माणसं होती. एक टपाल वाटायचा, तो इद्वल पोस्ट. दुसरा चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवायचा, तो इद्वल ऑर्गन. तिसरे होते ते कोल्हे मारायचे, म्हणून ते इद्वल कोल्हा. आमच्याकडे आडनावं पाच-सहाच आणि ती घेणारी माणसं भरपूर, त्यामुळे ज्याचा जो उद्योग तो त्याच्या नावाला कायमचा चिकटतो. माझं नाव ग्वेनो. वडिलांच्या पश्चात दुकान चालवते म्हणून मी ग्वेनो दुकान. यात गैर काहीच नाही. गैर एवढंच, की नाव कळलं म्हणजे माणूस कळला असं आपण धरून चालतो. मी तसं धरून चालले होते, आणि त्याची बोच अजून गेलेली नाही.

दुकानात मेंढ्यांची औषधं, कुंपणाची तार, रबरी बूट, मासे धरायचे गळ, काडतुसं असं सगळं मिळतं. इद्वलकाका माझ्या वडिलांचे दोस्त. दर शनिवारी दहाच्या ठोक्याला यायचे, टोपी काढून खुंटीला लावायचे आणि गल्ल्याशेजारच्या खाद्याच्या पोत्यावर बसायचे. अंगाला ओल्या लोकरीचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास. खरेदी बेताची, गप्पा मात्र तासभर.

मार्च-एप्रिलात मेंढ्या व्यायला लागल्या आणि एखाद्या कोल्ह्याला कोकरांची चटक लागली की आठवड्यात आठ-दहा कोकरं जायची. मग इद्वलकाकांना फोन जायचा. ते कुणाकडून पैसे घेत नसत. बटाट्याचं पोतं किंवा कोकराची तंगडी घरी पोचली की झालं. उगाच म्हणून त्यांनी एकही कोल्हा मारला नाही. "चोरी केली त्याचाच हिशेब," म्हणायचे. उन्हाळ्यात तर बांधाआड बसून कोल्ह्याच्या पिल्लांचा खेळ बघत राहायचे, आणि दुकानात येऊन कौतुकाने सांगायचे.

माझ्या लहानपणी हे काम दिव्यावर चालायचं. इद्वलकाका जुन्या लँडरोव्हरच्या छपरावर, हातात मोठा दिवा. खाली स्टिअरिंगवर नेस्टाकाकू, म्हणजे त्यांची बायको. छपरावर काकांच्या टाचेची एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. या दोघांनी वीस-बावीस वर्षं अंधारात एकमेकांशी एवढंच बोलून काम केलं. माझ्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या उतारावर तो दिवा हळूहळू सरकताना दिसायचा. आई पांघरूण नीट करत म्हणायची, "झोप आता. इद्वल-नेस्टा जागे आहेत." तशी झोप मला पुढे कुठेच लागली नाही.

नेस्टाकाकू चणीने लहान, जिभेने तिखट. लग्नाआधी सहा वर्षं त्या दक्षिणेत टीव्हीच्या कारखान्यात वायरींना सोल्डरचे जोड लावायच्या कामावर होत्या. "माझे जोड तपासायला साहेब कधी आला नाही," हे वाक्य त्यांनी खोऱ्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं असेल. कुणाचाही रेडिओ बिघडला की आधी त्यांच्याकडे जायचा, आणि बहुतेक वेळा तिथूनच वाजत घरी यायचा.

पुढे पुढे कोल्हे शहाणे झाले. दिव्याचा झोत दिसला की शेपूट वळवून पसार. काका वैतागायचे. आणि मग दोन हजार नऊच्या डिसेंबरात, संध्याकाळी पाचला, आमच्याच दुकानात नेस्टाकाकूंना ती गोष्ट सुचली. मागच्या अंगणावर लक्ष ठेवायला बाबांनी कॅमेरा लावला होता, त्याचा छोटा पडदा गल्ल्यावर होता. काकू त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"ग्वेनो, बाहेर काळोख आहे ना गं?"

"मिट्ट."

"मग ह्या मांजरीच्या मिशा मला कशा काय दिसतायत?"

बाबांनी सांगितलं, की कॅमेऱ्याचा स्वतःचा दिवा असतो, इन्फ्रारेड, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

"आणि कोल्ह्याला?"

"मला काय विचारतेस? मी तार विकतो."

काकू पोत्यावरच्या नवऱ्याकडे वळल्या. "इद्वल, हा डोळा तुझ्या बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या मागे बसवला तर?"

"आणि मी कुठे बसू?"

"तू बस तुझ्या छपरावर. पण दिवा न लावता."

बाबांनी अंगणातला एक जुना कॅमेरा काढून दिला आणि बदल्यात अर्धं कोकरू घेतलं. बाकीचं सामान काकूंच्या घरातच होतं. न्हाणीघराचं काम करताना उरलेला सांडपाण्याच्या पाइपचा तुकडा. त्यांच्या बहिणीच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची डोळ्याला लावायची खिडकी. एक इन्फ्रारेड बॅटरी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला काउलचं, म्हणजे आमच्याकडच्या मटणाच्या रश्श्याचं, पातेलं उकळत असताना, काकूंनी एकेक वायर जोडली. मी तेव्हा त्यात घालायची लीकची पात निवडत शेजारी बसले होते. सगळे मिळून अकरा जोड होते, आणि प्रत्येक जोड साबुदाण्यासारखा गोल आणि चकचकीत. पाइपच्या त्या तुकड्यामुळे ते सगळं प्रकरण पाहून हसू यायचं, पण डोळ्याला लावलं की समोरच्या कुंपणाची तारन् तार दिसायची. खोऱ्यात सगळे त्याला नेस्टाची नळी म्हणू लागले.

"हे बघ," काकूंनी नवऱ्याला बजावलं होतं, "कधी चित्र धूसर झालं तर आधी जोड बघायचे. जोड कोरडा पडला, म्हणजे आतून सुटला, की चित्र जातं. बाकी कशाला हात लावू नकोस."

काकांनी मान डोलावली होती. काकूंचं ऐकायची त्यांना सवयच होती.

दोन हजार बाराच्या शरदात नेस्टाकाकू गेल्या. पोटाचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. चॅपेलमध्ये इद्वल ऑर्गनने वाजवलं, माणसं गायली, इद्वल कोल्हा एकटे गप्प उभे राहिले. दोन-तीन शनिवार ते आले नाहीत. मग पुन्हा येऊ लागले, पण टोपी खुंटीला न लावता मांडीवर घेऊन बसायचे.

पुढच्या वसंतात त्यांचा नेम चुकू लागला. मर्व्हिनच्या कुरणात एकाच कोल्ह्यावर तीनदा गोळी झाडली आणि तिन्ही वाया गेल्या. मर्व्हिन म्हणजे आमच्याकडचा सर्वांत मोठा कळप असलेला आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा मेंढपाळ. त्याची चौदा कोकरं गेली. तो काकांना एका शब्दाने बोलला नाही, आणि मर्व्हिन बोलला नाही म्हणजे गोष्ट किती गंभीर ते सगळ्यांना समजलं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी इद्वलकाका पोत्यावर न बसता सरळ गल्ल्यापाशी आले.

"पोरी, नेस्टाची नळी गेली बहुतेक. वर्ष झालं, चित्र धूसर येतंय. तिने सांगितलं होतं तसे जोड बघतोय. तीन काढून नवे केले. काही फरक नाही." टोपी हातात फिरवत ते थांबले. "कोकरं व्हायच्या आत ठरवलं पाहिजे. ती खरंच मेली असेल तर दुसरी घ्यावी लागेल. पण मेली आहे की नाही ते मला आधी नक्की कळू दे. तुझ्याकडच्या नव्या दाखव. त्यांच्यात कसं दिसतं ते बघतो."

बंदुकीवर बसवायच्या रात्रीच्या दुर्बिणी तेव्हा नुकत्याच आमच्यासारख्या दुकानांत पोचल्या होत्या. मी दोन ठेवल्या होत्या. एक साडेतीनशे पौंडांची, एक बाराशेची. गिऱ्हाइकाला फरक दाखवण्यासाठी मी दुकानामागच्या जुन्या तबेल्याचा उपयोग करायचे. तिथे एकही खिडकी नाही, दार लावलं की भर दुपारी अमावास्या. पस्तीस पावलांवर पलीकडच्या भिंतीशी तीन वस्तू मांडलेल्या: आजोबांच्या काळातला, पेंढा भरलेला, एका कानाचा कोल्हा, मेंढ्यांच्या औषधाची बारीक अक्षरांची पत्र्याची पाटी, आणि बाबांनी स्वतः तासलेली हेझलच्या लाकडाची मेंढपाळी काठी, खिळ्याला उभी टांगलेली.

माझी रीत ठरलेली होती. आधी स्वस्त दुर्बीण हातात द्यायची. तिच्यात कोल्हा दिसायचा, पण चित्रावर कुणी मूठभर रवा भुरभुरवलाय असं वाटायचं. दुर्बीण जरा भराभर फिरवली की कोल्ह्याच्या मागे कोल्ह्याचं भूत सरकायचं. पाटीवरचं मोठं अक्षर लागायचं, बारीक नाही. थंडीत तासाभरात बॅटरी मान टाकायची, आणि झिमझिम पाऊस असला तर तिचाच उजेड थेंबांवरून परत येऊन सगळं पांढरं करायचा. मग काही न बोलता महाग दुर्बीण द्यायची. तिच्यात कोल्ह्याचा केस न् केस, काठीवरच्या गाठी, पाटीवरचा छापखान्याचा पत्तासुद्धा. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडून त्या क्षणी "ओहो!" निघायचं. त्यानंतर मला काही विकावं लागत नसे.

इद्वलकाकांनी स्वस्त दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली. बराच वेळ बघितलं. "हं."

मी महाग दुर्बीण दिली. ती त्यांनी आणखी जास्त वेळ बघितली. मी "ओहो"ची वाट बघत होते.

"सारख्याच आहेत," ते म्हणाले.

"काय?"

"दोन्ही सारख्या. धूसर. आणि तुझी काठी ओलीत राहिली वाटतं. बाक आलाय."

मर्व्हिन तेव्हा दुकानात तार घ्यायला आला होता. तो तबेल्याच्या दारातून खो-खो हसला. "ऐकलंस, ग्वेनो? बाराशे पौंडांच्या मालात खोट काढली! वर एका डोळ्याने बघायचे बाराशे म्हणजे फारच. दोन्हींनी बघू दिलंस तर घेईल तो."

आता आम्ही कार्डी, म्हणजे कार्डिगनशरचे. अख्ख्या वेल्समध्ये आमच्या चिक्कूपणाचे विनोद चालतात, आणि ते सगळ्यांत जास्त आम्हीच सांगतो. कार्डी माणूस महाग वस्तूला नावं ठेवतो तेव्हा ती त्याला आवडलेली असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा मीही हसले. बाबांच्या काठीला वाकडी म्हटल्याचा थोडा रागही आला होता.

"काका, काठीत खोट काढून किंमत उतरायची नाही हं."

"किमतीचं नाही गं," ते म्हणाले. पण तेही थोडेसे हसले. इतक्या दिवसांनी त्यांना हसताना पाहून मला बरंच वाटलं, आणि विषय तिथेच संपला.

डिसेंबरात ते परत आले. आणखी तीन जोड नवे केले होते, सहा झाले होते. त्यांचे हात काही काकूंचे नव्हते, बोटांवर भाजल्याचे डाग दिसत होते. पुन्हा तबेल्यात गेलो. पुन्हा स्वस्त, पुन्हा महाग. पुन्हा तेच, "सारख्याच." मी मनात म्हटलं, काय चिवट म्हातारा आहे, पन्नास कमी केल्याशिवाय हलायचा नाही. मी पन्नास कमी केलेही. त्यांनी मान हलवली आणि पेपरमिंटची गोळी माझ्यापुढे धरली.

मर्व्हिनने मधल्या काळात तसलीच एक महाग दुर्बीण मागवून नेली होती. तो आमच्यामागे येऊन तिचे गोडवे गात होता. काकांनी त्याला मध्येच थांबवलं.

"खरंच दिसतं तुला तिच्यातून?"

"दिसतं म्हणजे? इद्वल, कोल्ह्याच्या पायात काटा रुतला असेल तर तोसुद्धा दिसतो!"

काका त्याच्याकडे बघत राहिले. चेष्टा करणाऱ्याचा तो चेहरा नव्हता. आज तो चेहरा आठवला की माझी मलाच चीड येते. तेव्हा मी मर्व्हिनला पावती करून देत होते.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी ते आले तेव्हा बगलेत एक पुडकं होतं. नेस्टाकाकूंचा निळ्या चौकटींचा स्वयंपाकाचा एप्रन, त्याच्यात नळी. त्यांनी ती गल्ल्यावर ठेवली आणि एप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न न करता म्हणाले, "महागाची दे. ठरवलं."

"आणि ही?"

"नऊ जोड केले, पोरी. नाही होत. ती मेलीय. माझ्याच्याने टाकवत नाही, तू टाक. मी इथून गेल्यावर टाक."

त्यांना महागाची काढून देण्याआधी मी गाठ सोडली. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. बहुधा काकूंची वस्तू शेवटची बघावी म्हणून. नळी घेऊन तबेल्यात गेले, दार ओढलं, बटण दाबलं आणि डोळ्याला लावली.

एका कानाचा कोल्हा माझ्याकडे बघत होता. महाग दुर्बिणीइतका स्वच्छ नाही, पण स्वस्त दुर्बिणीपेक्षा कितीतरी स्वच्छ. भूत नाही, रवा नाही. बाबांची काठी सरळच्या सरळ.

"काका, इकडे या. हिला काय झालंय?"

ते आले. नळी उजव्या डोळ्याला लावली. "बघ ना. मध्ये हा डाग. आणि काठी वाकडी."

मी त्यांच्या हातातून घेऊन बघितली. सरळ. परत त्यांच्याकडे दिली. डोळ्याजवळचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे लावतात तसं. "आता?"

"वाकडी."

"आता?"

"वाकडीच आहे गं."

"काका, दुसरा डोळा लावा."

"दुसरा कशाला? नेम उजव्याने धरतात."

"लावा तरी."

पन्नास वर्षांत त्यांनी कुठल्याच दुर्बिणीला डावा डोळा लावला नव्हता. नळी नीट धरताही येईना, नाक मध्ये येत होतं. मग स्थिर झाले. अंधारात मला त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"ग्वेनो," ते म्हणाले, "कोल्ह्याचा कान कधी तुटला?"

"मी शाळेत जायच्याही आधी."

त्यांनी नळी उजव्या डोळ्याला लावली. मग डाव्या. परत उजव्या. मी दार उघडलं. बाहेरच्या उजेडात त्यांनी आधी डावा डोळा हाताने झाकून माझ्याकडे बघितलं, मग उजवा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवून जगणाऱ्या माणसाला एक डोळा दगा देतोय हे समजायला काहीच कारण नसतं. समजायचं ते फक्त दुर्बिणीतून. आणि दुर्बीण बिघडली असेल, हे जास्त सहज पटतं, विशेषतः ती बायकोने केलेली असेल आणि बायको गेलेली असेल तर.

ते खाद्याच्या पोत्यावर जाऊन बसले. मला वाटलं आता विचारतील, डोळ्याचं काय होणार, डॉक्टर कुठे, बंदूक ठेवता येईल का. ते म्हणाले,

"म्हणजे नळी चांगली होती?"

"हो, काका."

"सगळा वेळ?"

"हो."

त्यांनी एप्रन मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली. मोडून पुन्हा घातली.

"अकरा होते," ते म्हणाले. "तिचे जोड. नऊ मी वितळवले."

काकूंनी सांगितलं होतं की चित्र धूसर झालं तर आधी जोड बघायचे. त्यांनी वर्षभर तेच केलं. दर रात्री त्याच टेबलावर बसून, तिचं ऐकत, तिच्या हाताचं काम एकेक करून पुसून टाकलं. आणि त्या नवांतले सहा, पहिल्या शनिवारी मी हसल्यानंतरचे. त्या दिवशी नुसतं म्हटलं असतं, काका, दुसरा डोळा लावून बघा, तर आठ शिल्लक राहिले असते. मी तिथेच, दुकानात गिऱ्हाइक उभं असताना, रडायला लागले. काकांनी मला पेपरमिंट दिली.

समुद्राकडच्या गावातल्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय तो परत यायचा नाही, डाव्यावर मात्र लक्ष ठेवू. दुसऱ्याच दिवशी इद्वलकाका स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन बंदूक आणि परवाना देऊन आले. कुणी सांगायची वाट बघितली नाही. महाग दुर्बीण त्यांनी घेतली नाही. नळी एप्रनसकट घरी नेली.

त्या वसंतात कोल्ह्याचं काम मर्व्हिनवर आलं. पहिल्या रात्री तो इद्वलकाकांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मला नेम धरता येतो, पण कोल्हा कुठून येणार ते कळत नाही. गाडी कोण चालवणार? माझी बायको तर मला म्हणाली, छपरावर चढलास तर तिथेच ठेवून येईन."

काका गाडीत बसले, नेस्टाकाकूंच्या जागेवर. वर मर्व्हिन, त्याच्या बाराशेच्या दुर्बिणीसकट. टाचेची एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. मर्व्हिनने नंतर दुकानात येऊन आवाज खाली आणून सांगितलं, की पहिली थाप पडली तेव्हा म्हातारा थांबला खरा, पण दोन थापा दिल्या तरी गाडी बराच वेळ हलली नाही. त्याने वरून हाक मारली नाही. वाट बघितली.

मी माझी कबुली जूनमध्ये दिली. दुकानाबाहेरच्या बाकावर आम्ही ऊन खात बसलो होतो.

"काका, पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी हसले."

"सगळेच हसले. मीसुद्धा हसलोच की. कार्डीने महागाला नावं ठेवली, त्यात बघण्यासारखं काय होतं?" मग म्हणाले, "माझे जोड बघितलेस? मेंढीच्या लेंड्या! ती असती तर मला घरात घेतलं नसतं."

आम्ही दोघंही हसलो. तेव्हापासून टोपी पुन्हा खुंटीवर जाऊ लागली.

इद्वलकाका दोन हजार एकोणीसच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. मर्व्हिनने पुडकं माझ्याकडे आणून दिलं. तोच एप्रन, तीच गाठ. "तुझ्यासाठी ठेवलंय म्हणाला होता," एवढंच तो बोलला आणि तार न घेताच गेला.

दुकान बंद केल्यावर मी नळीचं झाकण काढलं. आत खरंच लेंड्या होत्या, नऊ, काळपट, वेड्यावाकड्या. आणि दोन साबुदाणे, अजून चकचकीत. त्या दोघांभोवती लाल रंगाची वर्तुळं होती. मी दिव्याखाली धरून बघितलं. नेलपॉलिश होतं, नेस्टाकाकू नाताळात चॅपेलला लावून यायच्या त्या रंगाचं. कुणी पुन्हा कधी उघडलं तर कुठल्या दोघांना हात लावायचा नाही ते कळावं म्हणून. काकांनी एका डोळ्याने काढलेली वर्तुळं. एक जरा जास्तच बाहेर गेलं होतं.

नळी आता गल्ल्यामागच्या फळीवर असते. आजही ती चालते. तबेल्यात कुणी दोन दुर्बिणी बघून सारख्याच आहेत म्हणालं, की मी किमतीबद्दल काही बोलत नाही. दुसरा डोळा लावा, म्हणते.